बेटावर पाणी कोणाचं?

मंडळाच्या मागच्या बैठकीत एकानं प्रश्न टाकला. बोट बुडाली, तुम्ही एकटेच पोहत पोहत ओसाड बेटाला लागलात. सोबत एकच पुस्तक ठेवता येईल. कोणतं ठेवाल? प्रत्येकानं उत्तर लिहून आणायचं, अंकात घेऊ.

तिथल्या तिथं नावं सुरू झाली. एक म्हणाला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. दुसरा म्हणाला राज्यघटना. तिसऱ्यानं रशियन कादंबरीचं नाव घेतलं, मग त्याच्यावर सगळे तुटून पडले. मी म्हटलं, मी विचार करून सांगतो.

सुट्टीला तळ्याला घरी गेलो तेव्हा आईला विचारलं. आई शाळेत गेलेली नाही. तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बेटावर पानी हाय का?"

"असेल. एखादी विहीर असेल."

"कोनाची?"

मी गप्प झालो. बैठकीत आम्ही एवढे वाचणारे, लिहिणारे, कविता करणारे बसलो होतो. पुस्तकांची नावं भराभर घेतली. हा प्रश्न एकालाही सुचला नाही. म्हणून माझं उत्तर मी तिथूनच सुरू करतो.

हा खेळ मुळात आपला नव्हे. लंडनच्या बीबीसी रेडिओवर १९४२ पासून एक कार्यक्रम चालत आला आहे. मोठ्या माणसाला बोलवायचं, ओसाड बेटावर आठ कोणत्या रेकॉर्डी नेशील ते विचारायचं, आणि एक पुस्तक. पण त्यात मेख अशी की बायबल आणि शेक्सपिअर बेटावर आधीच ठेवलेले असतात. ते निवडावे लागत नाहीत. तुम्ही जायच्या आधीच ते तिथं असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच्याही आधीचा बेटावरचा माणूस म्हणजे रॉबिन्सन क्रूसो. डॅनियल डेफोचं हे पुस्तक १७१९ चं. क्रूसो फुटलेल्या जहाजावरून बंदुका आणतो, दारू आणतो, बायबलही आणतो. पुढे त्याला बेटावर एक काळा-सावळा माणूस भेटतो. त्या माणसाला त्याचं स्वतःचं काही नाव असेलच ना? क्रूसो विचारत नाही. शुक्रवारी सापडला म्हणून त्याचं नाव 'शुक्रवार' ठेवतो, आणि त्याला बोलायला शिकवताना सुरुवातीलाच शिकवतो: मला मालक म्हण.

आपल्या आज्या-पणज्यांची नावं काढून बघा. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. जन्मला तो वार, तेच नाव. गावानं वेगळं नाव ठेवायची तसदी घेतली नाही आणि आपल्याला ठेवू दिलं नाही. हे पुस्तक मी वाचलं तेव्हा लोक सांगतात तसा क्रूसोच्या जागी मी स्वतःला बघू शकलो नाही. मी शुक्र्याच्या जागीच उभा होतो. आणि शुक्र्याला कोणीच विचारत नाही, बाबा, तू कोणतं पुस्तक ठेवशील?

बरं, बेट म्हणजे समुद्रातच पाहिजे असं थोडंच आहे? मी एका बेटावर राहून आलो आहे. ते तळा तालुक्यातच होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तुमच्या गावाचं नाव घातलंत तरी चालेल.

२०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी भिवंडीत मागावर होतो. माग बंद, मजुरी बंद. खोलीत आठजण. काही दिवस काढले, मग भाजीच्या टेम्पोत बसून इंदापूरपर्यंत आलो आणि तिथून रात्री चालत गाव गाठलं. चौदा दिवस वेगळं ठेवलं. मग घरी. जरा कुठं बरं वाटायला लागलं तोच ३ जूनला 'निसर्ग' वादळ आलं.

वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर दुपारी धडकलं. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, तळा सगळं झोडपून काढलं. आमच्या घराची कौलं पत्त्यासारखी उडाली. फणस पडला, आंबा पडला, विजेचे खांब आडवे झाले. आई, मी आणि शेजारची काकी भिंतीच्या कोपऱ्यात ताडपत्री धरून बसलो होतो. संध्याकाळी वारा थांबला तेव्हा बाहेर येऊन बघतो तर रस्ता दिसत नाही, नुसती झाडं. मोबाईल मेलेला. वीज नाही. तीन आठवड्यांच्या वर ती आली नाही. झाडं तोडून वाट होईपर्यंत बाहेरून कोणी आलं नाही, आतून कोणी गेलं नाही. बेट म्हणतात ते हेच की नाही?

घरात आज्याची पत्र्याची पेटी होती. आजा मुंबईच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो कामावर परत गेलाच नाही. गावी आला तेव्हा सोबत बिछाना आणि ही पेटी. पेटीत पुस्तकं. बाबासाहेबांची भाषणं, जयंतीचे विशेषांक, जुने दिवाळी अंक, फाटकं व्याकरण. मी शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस. जे काही शिकलो ते या पेटीतून. वादळात पेटीवर वासा पडला, झाकण वाकलं, रात्रभर पाणी आत गेलं. सकाळी उघडली तर पुस्तकांचा लगदा. पानं सोडवायला गेलो की हातात चिखल यायचा. मी पडवीत ती पसरली. पुन्हा पाऊस आला. मी रडलो, खोटं कशाला सांगू. घराची कौलं गेली तेव्हा रडलो नव्हतो.

आईनं तांदळाचा डबा पुढे सरकवला. घट्ट झाकणाचा, पत्र्याचा. वारा वाढल्यावर तिनं तांदूळ पातेल्यात ओतून डबा रिकामा केला होता आणि त्यात भरलं होतं: रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, माझा जातीचा दाखला आणि एक पुस्तक.

पुस्तक होतं 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चं मराठी भाषांतर.

मी म्हटलं, "आई, एवढ्यातनं हेच का काढलंस?"

म्हणाली, "पातल व्हतं. डब्यात मावलं."

तर मित्रांनो, बेटावर माझं पुस्तक असं निवडलं गेलं. मी निवडलं नाही. वाचता न येणाऱ्या बाईनं डब्याच्या मापानं निवडलं. आणि जातीचा दाखला आणि जात मोडायचं पुस्तक एकाच डब्यात, एकावर एक. दाखला टाकून चालत नाही, त्यावर हक्क मिळतो. पुस्तक टाकून चालत नाही, दाखल्याची गरज का पडली ते त्यात लिहिलंय. आपला सगळा संसार त्या डब्यात होता.

आता पाण्याचं सांगतो.

वाडीला नळ आहे. पण नळाचं पाणी मोटारीवर. वीज नाही तर मोटार नाही. आमच्या वाडीच्या जुन्या विहिरीत झाड पडून पाणी घाण झालेलं. पागोळीखाली भांडी लावली, पण पाऊस पुरेसा लागेना. तिसऱ्या दिवशी आई हंडा घेऊन वरच्या आळीतल्या विहिरीवर निघाली. मी सोबत गेलो. पुस्तक माझ्या खिशात होतं. एकच उरलेलं, म्हणून जवळ बाळगत होतो.

विहिरीवर सात-आठ बाया. खांद्याला खांदा लावून उभ्या, बोलत होत्या. आई काठाशी गेली तशी त्यातली एक म्हणाली, "अगो, तू थांब तिथंच. करोना हाय. मी वतते तुझ्या हंड्यात."

बाई वाईट नाही. सणाला आमच्याकडे येऊन बसलेली आहे. आवाजही गोड होता. आणि करोना खरोखरच होता, मी भिवंडीहून आलेला होतो. म्हणून मला कळेना, हे रोगाचं अंतर की जुनं अंतर? मी मनात तोलत राहिलो. बोलू की नको? बोललो आणि खरंच करोनाच असेल तर? मी खिशातल्या पुस्तकावर हात ठेवून उभा.

आईनं एकदा त्या बायांकडे बघितलं. एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मग म्हणाली, "वयनी, करोना आजचा. ही वतायची रीत माझ्या सासूच्या येलची."

कोणी काही बोललं नाही. आईनं पुढे होऊन दोर हातात घेतला, पोहरा सोडला, हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि चालू लागली. दुसऱ्या दिवशी गेलो तर रहाटापाशी दोन दोर होते. एक जुना, एक नवा. आईनं जुनाच धरला. चार दिवसांनी नवा दोर दिसेनासा झाला. कोणी नेला माहीत नाही.

भांडण नाही, मारामारी नाही, पेपरात बातमी नाही. पण मला त्या रात्री झोप आली नाही. मोर्च्यात घोषणा देणारा मी, मंचावर कविता म्हणणारा मी, आणि आईच्या मागे मुकाट उभा राहिलो.

रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक उघडलं आणि बाबासाहेबांचं बडोदं आठवलं. १९१७ साली ते विलायतेतून परत आले. त्यांची पुस्तकं मागून दुसऱ्या बोटीनं यायची होती. महायुद्ध चालू होतं, ती बोट पाणतीरानं बुडाली. पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली. सामानाची नुकसानभरपाई मिळाली आणि त्या पैशातून ते बडोद्याला संस्थानाच्या नोकरीवर हजर व्हायला गेले. माझी पेटी भिजली तर मी रडलो, आणि त्यांची तर अख्खी बोट गेली होती.

बडोद्यात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून, रोजचा दीड रुपया देऊन राहिले. ते त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहून ठेवलं आहे. अख्ख्या माळ्यावर एकटे. कंदिलाचा मिणमिणता उजेड. वटवाघळं फडफडताहेत. बोलायला माणूस नाही म्हणून वाचत राहिले, वाचण्यात एकटेपण विसरायचा प्रयत्न केला. भरवस्तीतलं बेट ते. अकराव्या दिवशी पारशी लोक काठ्या घेऊन जिन्यावर आले. बाहेर पडावं लागलं. गावात मित्रांनीही घरात घेतलं नाही. बागेत बसून राहिले आणि रात्रीची गाडी धरून मुंबईला परत आले.

हे मी पूर्वीही वाचलं होतं. पण त्या रात्री कळलं. पुस्तक एकटेपण विसरायला लावतं, हे खरं. पण ते काठी अडवत नाही. कोलंबियात, लंडनमध्ये शिकलेल्या माणसालाही अडवता आली नाही. मग एकट्यानं दिव्याखाली बसून मी काय करतोय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहारात गेलो. विहाराचे पत्रे अर्धे उडाले होते, पण एक कोपरा शाबूत होता. वाडीतली माणसं तिथंच येऊन बसायची, कारण घरात अंधार. मी म्हटलं, हे वाचून दाखवू का? कोणी नाही म्हटलं नाही. दुसरं काही करायला होतंच काय!

तुम्हाला या पुस्तकाची जन्मकथा माहीत असेल. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. भाषण आधी मागवून वाचलं आणि घाबरले. काही भाग बदला म्हणाले. बाबासाहेबांनी बदलायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी स्वतःच्या खर्चानं ते छापलं. पंधराशे प्रती, दोन महिन्यांत संपल्या. म्हणजे हे पुस्तक नव्हेच, हे न झालेलं भाषण आहे. समोर माणसं बसली आहेत असं धरून लिहिलेलं, आणि समोरची माणसं पळून गेलेली. एकट्यानं वाचताना मला ते कायम अवघड गेलं. मोठ्यानं वाचायला लागलो आणि सोपं झालं. कारण समोर माणसं होती.

आठ-नऊ संध्याकाळी वाचलं. दोन पानं झाली की कोणीतरी थांबवायचं. नाना म्हणून आमच्यात एक म्हातारे आहेत, त्यांनी मुंबईच्या गिरणीत जन्म काढला. कामं वाटून घेणं वेगळं आणि काम करणाऱ्या माणसांचेच तुकडे पाडणं वेगळं, हा बाबासाहेबांचा मुद्दा आला तेव्हा नानांनी हात वर केला. म्हणाले, "थांब. हे मला कोनी शिकवायला नको. माझा बाप रिंग खात्यात मेला. साच्यावर त्याला घेत नव्हते." का घेत नव्हते? धोट्यात कांडी भरली की धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा. आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा दुसरा विणकर धरायचा नाही. विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तेच खातं आपल्याला बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. लाल बावट्याखालीसुद्धा धोटा बाटत होता.

मी आज भिवंडीत मागावर उभा असतो. पणज्याला जे खातं बंद होतं त्यातच मी रोजी कमावतो. हे मला त्या रात्री नानांकडून कळलं, पुस्तकातून नाही. पण पुस्तक मोठ्यानं वाचलं नसतं तर नाना बोलले नसते.

शेवटच्या एका रात्री आईनं विचारलं, "ही वतायची रीत कुठं लिवलीय का रं?"

लिहिलेली आहे, आई. ते बेटावर आधीच ठेवलेलं पुस्तक. आपण जन्मायच्या आधीपासून तिथं असलेलं. आपण वाचलेलं नाही, आपल्याला वाचू दिलेलं नाही, तरी आपल्याला लागू असलेलं. मनुस्मृती.

आणि त्याचं उत्तर आमच्या रस्त्यावरच आहे. तळ्याहून इंदापूरला हायवेला लागा, माणगाव सोडा, लोणेरं सोडा, महाड. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आपल्या माणसांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याच दिवशी आपली माणसं मार खाऊन रक्तबंबाळ झाली, आणि पुढे शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. मोटारवाले बहिष्कार घालतील म्हणून बाबासाहेब 'पद्मावती' बोटीनं आले. मुंबईहून निघून हाच आमचा किनारा, मग बाणकोटच्या खाडीत शिरून दासगावला उतरले. दासगावहून महाड पायी गाठता येतं. विरोधकांनी कोर्टातून पाण्यावर मनाई आणलेली. पाण्याला हात लावता येईना. पण पुस्तकावर मनाई नव्हती! २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मांडवासमोर खड्डा खणून मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, जन्मानं ब्राह्मण. मांडवाला जागा देणारे फत्तेखान, मुसलमान. पाण्याचा दावा पुढे हायकोर्टात १९३७ साली आपल्या बाजूनं सुटला.

एकाच सालात, एकाच गावात, मार्चमध्ये पाणी आणि डिसेंबरमध्ये पुस्तक. बाबासाहेबांनी दोन्ही प्रश्न एकत्र सोडवायला घेतले. आम्ही बैठकीत नुसतं पुस्तकाचं बोलत होतो. आईनं पाणी विचारलं. मला आता वाटतं, तिचं उत्तर महाडच्या जास्त जवळचं होतं.

आमच्या तालुक्यात कुडे लेणी आहेत. राजपुरीच्या खाडीवरच्या डोंगरात. दोन हजार वर्षांमागं तिथं कोरणाऱ्यांनी दान देणाऱ्यांची नावं दगडात लिहिली. माळी, वैद्य, लेखनिक, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. बुद्धाच्या धम्माला दान देणारी कामकरी, कष्टकरी, व्यापारी माणसं. निसर्ग वादळात त्यातलं एक अक्षर भिजलं नाही. पण ब्राह्मी लिपी. मी वादळानंतर तिथं गेलो, अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि वाचता आलं नाही. आपलंच पुस्तक, आपल्याच उशाला, आणि आपण अडाणी. वाचणारा माणूस नसेल तर टिकलेलं पुस्तकसुद्धा दगडच की.

उलट एक खरंखुरं बेट सांगतो. दक्षिण आफ्रिकेचं रॉबेन बेट. गोऱ्यांच्या सरकारनं काळ्या लढवय्यांना तिथं कोंडलं. सनी वेंकटरत्नम नावाचा एक कैदी होता, मुळात आपल्याच देशातल्या वंशाचा. त्याला एक पुस्तक ठेवायची परवानगी मिळाली. त्यानं शेक्सपिअर घेतला. मग तोही काढून घेऊ लागले तेव्हा त्यानं पुस्तकावर दिवाळीच्या भेटकार्डांची देवदेवतांची चित्रं चिकटवली आणि पहारेकऱ्याला सांगितलं, हा आमचा धर्मग्रंथ आहे. देवांचा याहून चांगला उपयोग मी ऐकलेला नाही. ते पुस्तक कोठडी-कोठडीतून फिरलं. तीसहून जास्त कैद्यांनी आपापल्या आवडीच्या जागेवर सही केली. नेल्सन मंडेलांची सही १६ डिसेंबर १९७७ ची आहे. वॉल्टर सिसुलूंनी सही केली ती थुंकी आणि शिव्या सोसणाऱ्या ज्यू शायलॉकच्या बोलण्याशेजारी. पुस्तक गोऱ्या इंग्रजाचं, पण सही कुठं करायची ते काळ्या माणसानं ठरवलं.

तेव्हा माझं उत्तर. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' म्हणणाऱ्या मित्राशी माझं भांडण नाही, घटना म्हणणाऱ्याशीही नाही. पण मला एकच ठेवायचं असेल तर मी हे न झालेलं भाषण ठेवीन. कारण ते मला बेटावर सुखानं बसू देणार नाही. ते वाचलं की समोर माणूस लागतो. ऐकणारा, उलटा प्रश्न विचारणारा, "थांब" म्हणणारा. एकट्याचं समाधान करणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. आपल्याला गावानं शतकानुशतकं वेशीबाहेरच्या बेटावर ठेवलं, तिथं एकट्यानं शहाणं होऊन काय करायचं? तिथून उठून विहिरीपर्यंत जायचं आहे.

आणि त्या दिवशी विहिरीवर गेलेली बाई हे पुस्तक वाचलेली नव्हती, हेही विसरता कामा नये. वाचलेला मागे उभा होता.

घराला आता पत्रे घातले आहेत. पेटी भंगारात दिली. पुस्तक डब्यातच असतं, दाखल्याच्या खाली. थोडं फुगलंय, तांदळाचा वास येतो. कोणाला पाहिजे असेल तर मागा, देईन. अट एकच आहे. एकट्यानं वाचू नका. चार माणसं बसवा, त्यात एक तरी न शिकलेली म्हातारी असू द्या, आणि ती मध्येच थांबवून काय विचारते ते लिहून मला कळवा.

जय भीम.